नीरू आणि कोडप्पा

१

पार्वतम्मा मेली तेव्हा घरातल्या सगळ्या खोल्यांत गाणं चालू होतं, असं सगळे सांगत होते. बहुतेकांना खरंच तसं वाटत होतं. एकजण मात्र जाणूनबुजून खोटं बोलत होता.

पत्रिकेत लिंगायत रीतीनं ‘लिंगैक्य झाल्या’ असं छापलं होतं. शब्द मोठा आहे, त्याखाली बरंच काही झाकता येतं. झालं ते असं. लातुरात औसा रोडला एका बंगल्यात, तळमजल्याच्या मागच्या खोलीत म्हातारी पलंगावरून खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. उशाजवळचा तांब्या कलंडून कोरडा पडला होता. तिला सांभाळायला ठेवलेली अंजू गच्चीवरून खाली आली तेव्हा अंग थंड पडायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतंच, पण पडल्याबरोबर कुणी उचललं असतं तर बहुधा वाचल्या असत्या.

कुणी उचललं नाही, कारण कुणाला ऐकू आलं नाही. ऐकू आलं नाही, कारण गाणं चालू होतं. इथंच सगळ्यांचं बोलणं संपत होतं.

ही गाण्याची सोय मंजुश्रीनं केली होती. पार्वतम्माची थोरली लेक. नांदेडला वजिराबादेत तिचं आणि नवऱ्याचं साउंड सिस्टिमचं दुकान. नवरा गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, वायरी ही ओढते. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या कानावर दिवसभर काहीतरी बरं पडत राहावं म्हणून तिनं माहेरी खोलीखोलीत वाय-फायवरचे काळे स्पीकर बसवले. एका फोनवरून लावलं की सगळ्या घरात एकच भजन वाजायचं.

आणि ते तुटायचं. अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन यायचा, “मंजे, गाणं पुन्हा बंद पडलं बघ. पडलं ते पडलंच, लावायला कुणी येत न्हाई.” मंजुश्री दुकानातून उपाय सांगायची. राउटर उंचावर ठेवा, बंद करून चालू करा, मायक्रोवेव्हपासून लांब न्या. माणूस आजारी असलं की फोनवरून औषध सांगतात ना, तसंच. येऊन बघायला सवड नव्हती. आता सवडच सवड होती.

समाधी देऊन झाली होती. आज गणाराधना होती, जंगमांचं जेवण, भावकीचं जेवण. नेमका आज नळही आला होता, टाकी सकाळीच भरत आली होती. आणि जेवणं उरकली की संध्याकाळी संगमेश्वर, मंजुश्रीचा धाकटा भाऊ, पोलीस ठाण्यात जाऊन अंजूच्या नावानं लेखी तक्रार देणार होता. तोंडी सांगून झालंच होतं. सही तेवढी बाकी होती.

“त्या बाईनं मारलं अव्वाला,” तो पंगतीत वाढता वाढता सांगत होता. “खोली सोडून वर गेली. मोबाइलवर बोलत बसली असंल.”

भावकी माना डोलावत होती. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे ओढलेला माणूस बोलायला लागला की लोक चौकशी करत नाहीत, माना डोलावतात.

२

अंजू मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाशी बसली होती. जिच्यावर खुनाचं बोट ठेवलंय तिच्याकडूनच पंगतीची भांडी घासून घ्यायला कुणाला काही वाटत नव्हतं.

मंजुश्री तिच्यासमोर पाट घेऊन बसली. “सांग आता. सगळं.”

“काय सांगू ताई? मी न्हाई मारलं आज्जीला. माझ्या हातानं जेवायची ती.”

“गच्चीवर कशाला गेलीस?”

“वैनींनी धाडलं. नळ आला व्हता ना! कितीक दिसानं आला. खाली मोटर लावली, आन् मला म्हणल्या, वर टाकीत पाइप धरून बस, सटकतो. मी म्हणलं, आज्जीपाशी कोण? तर म्हणल्या, दादा हायेत की पूजेला शेजारीच.”

लातूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नळ येतो त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस हंडा, बादली, पाइप यांपैकी कशाला तरी जुंपलेलं असतं.

“वरून खालचं काही ऐकू आलं?”

“गाणं यायलं व्हतं झरोक्यातून. मोटर लागली तसं तुटलं. मग आज्जीचा आवाज आला, बारीक. कुणाशी तरी बोलायली व्हती.”

“कुणाशी?”

अंजूनं हातातली पातेली खाली ठेवली. “दोघं असतील. नीरू आन् कोडप्पा.”

“काय?”

“‘नीरू, कोडप्पा, नीरू, कोडप्पा’ असं म्हणायली व्हती. मला वाटलं, तुमच्यातलंच कुणीतरी पाव्हणं आलंय. तुमच्यात असतात ना नावं तसली. गुरुबसप्पा, वीरण्णा, शंकरप्पा. मग गाणं परत लागलं. म्हणलं, बरं झालं बाई, आज्जीपाशी कुणीतरी हाय. म्हणून निवांत बसले मी वर.” तिचा आवाज फाटला. “त्या पाव्हण्यांनाच इचारा ना ताई! कोण हायेत ते? नीरू कोण? कोडप्पा कोण?”

मंजुश्री उठली. तिच्या पायाखालचा पाट कलंडला, तो तिनं सरळही केला नाही.

“हे संगूला सांगितलंस?”

“सांगितलं की. दादा म्हणले, असलं कुणी आलं नव्हतं, खोटारडी.”

३

नीरू नावाची बाई नव्हती आणि कोडप्पा नावाचा बुवाही नव्हता.

पार्वतम्माचं माहेर कर्नाटकातल्या भालकीचं. लग्न होऊन लातुरात आली, मराठी शिकली, मराठीतच भांडली, भाजी घेतली, सुना-लेकींना बोल लावले. पण दुखायला लागलं की तिची कानडी वर यायची. बाळंतपणात यायची, तापात यायची. ‘नीरु’ म्हणजे पाणी. ‘नीरु कोडप्पा’ म्हणजे पाणी दे रे बाबा.

घराच्या टाकीत पाणी धो धो पडत होतं, आणि तिच्या खाली पडलेली म्हातारी घोटभर पाणी मागत होती.

मंजुश्री न्हाणीघरात गेली, कडी लावली, तोंडावर पदर दाबला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण डोकं थंड झालं होतं. आता तिला एकच पाहिजे होतं. अंजू म्हणाली, गाणं तुटलं आणि परत लागलं. ते परत लावलं कुणी?

स्वप्नाली, तिची भावजय, स्वयंपाकघरात भाताच्या परातीवर उभी होती. हिमायतनगरची पोर. जिभेला धार आणि कामाला घोडा.

“स्वप्नाली, नीरू कोण?”

“कोण नीरू? आता अजून कुणाला वाढायचं राहिलंय?” तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं. या घरात कानडी समजणारी तीनच माणसं होती, त्यातलं एक जमिनीखाली गेलं होतं.

“फोनवरून गाणं लाव जरा.”

“आज? लोक जेवून राहिले अक्का.”

“हळू लाव.”

स्वप्नालीनं ओले हात पुसून फोन दाबला. हॉलमध्ये, माजघरात, अव्वाच्या रिकाम्या खोलीत भजन अगदी मंद सुरू झालं. देवघरात मात्र भोंगा लावल्यासारखं ओरडायला लागलं.

“तो एकटाच का बोंबलतोय?”

“काय माहीत. अव्वा गेल्या तेव्हापासून तसाच आहे. तुमच्या त्या डबड्यांनी जीव नकोसा केला बघा. कधी तुटतंय, कधी बोंबलतंय.”

मंजुश्री बोळीत गेली. तिथं भिंतीवर मोटरचा बोर्ड होता. आणि त्याच बोर्डाला, मोटरच्या बटणाखाली, तिनं माजघरात लावलेला रिपीटर खोचलेला होता. राउटरचा वाय-फाय मागच्या खोल्यांपर्यंत पोचवणारा तो छोटा डबा.

“हा इथं कुणी आणला?”

“मी. माजघरात मिक्सरला प्लग लागतो.”

“आणि मला फोनवर कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही इचारलं कुठं? राउटर, राउटर करत होता.”

खरं होतं. मंजुश्रीनं मोटरचं बटण दाबलं. दिवे क्षणभर पिवळे पडले, रिपीटर विझला, आणि सगळ्या खोल्यांतलं भजन शब्दाच्या मध्यावर तुटलं. हे होतं तिचं महिन्यांचं दुखणं. मोटर उठली की वीज खाली बसते, रिपीटर मरतो, मागचे स्पीकर सुटतात, आणि एक सुटला की सगळी माळ थांबते.

थोड्या वेळानं रिपीटर पुन्हा हिरवा झाला. स्पीकरचे बारीक दिवेही एकेक करून लागले.

गाणं मात्र लागलं नाही.

मंजुश्री थांबून राहिली. पंगतीतली बडबड, पत्रावळींचा आवाज, अंगणात अंजूचं भांडं आपटल्याचा आवाज. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मोटर समोर फाटकाशी होती, तिची घरघर इथवर येतच नव्हती.

“आपोआप लागत न्हाई ते,” स्वप्नाली म्हणाली. “कुणीतरी लावावं लागतं.”

“हाव,” मंजुश्रीनं मोटर बंद केली. “कुणीतरी लावलं.”

४

लावणारी माणसं दोन. गाणं स्वप्नालीच्या फोनवरून लागायचं नाहीतर संगमेश्वरच्या. अंजूकडे साधा बटणांचा फोन.

मंजुश्रीनं मनात आधी भावजयीला धरलं, हे लपवण्यात अर्थ नाही. अंजूला वर धाडणारी ती. मोटर लावणारी ती. म्हातारीचं करून करून वैतागलेली ती. आणि नणंदेला भावजय दोषी ठरलेली भावापेक्षा केव्हाही सोयीची.

शेजारचा दयानंद हात धुवायला नळाशी आला होता. मंजुश्रीनं त्याला तिथंच गाठलं.

“दयानंदभाऊ, अव्वा गेली त्या दिवशी तुमचं आमच्या स्वप्नालीशी भांडण झालं म्हणे.”

“झालं तर! का होऊ नये?” तो एकदम पेटला, मग कुठं आलोय ते आठवून आवाज खाली आणला. “ताई, सुतकाच्या घरात बोलू नये, पण तुमची मोटर नळाला डायरेक लावतात. सगळ्या गल्लीचं पाणी ओढून घेतेत. आमच्या नळाला नुसती हवा. शीळ वाजवतोय नळ!”

“स्वप्नाली कुठं होती तेव्हा?”

“फाटकात. माझ्यासमोर. दोन्ही हातांनी पाइप दाबून धरला व्हता, सांध्यातून फवारा उडायला व्हता. अर्ध्या पाण्यानं मलाच आंघोळ घातली.”

“गाणं चालू होतं?”

“मोटर लावली अन् बंद पडलं. मी म्हणलं सुद्धा, बघा वैनी, देवालाबी पटलं न्हाई. मग परत लागलं. जोरात लागलं. वैनी म्हणल्या, बघा, आता पटलं.” तो ओशाळला. “असं बोलत व्हतो बघा आम्ही. अन् आत...”

“गाणं परत लागलं तेव्हाही ती तिथंच? फोन काढला नाही तिनं?”

“कशानं काढंल? तोंडानं?”

स्वप्नाली सुटली. मंजुश्रीला हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. ती देवघराकडे वळली.

५

देवघर आणि अव्वाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, वर एक उघडा झरोका. संगमेश्वरची पूजेची जागा त्या भिंतीलाच टेकून. समोर चौरंग, उजव्या हाताला भस्माची वाटी, तिच्या शेजारी भिंतीतल्या फळीवर काळा स्पीकर. बसल्या जागेवरून हात लांबवला की पोचेल असा. तो तिथं मंजुश्रीनंच बसवला होता, चांगली जागा म्हणून.

तिनं तो उजेडाकडे धरला. डोक्यावर तीन बटणं. मधलं गाणं चालू करायचं, एका बाजूचं आवाज वाढवायचं, दुसरं कमी करायचं. मधल्या बटणावर पांढरा ठसा होता. वाढवायच्या बटणावर एकावर एक बरेच ठसे. कमी करायचं बटण काळं कुळकुळीत. ठसे वाळून पापुद्र्यासारखे घट्ट बसले होते. कोरडं भस्म फुंकलं की उडतं. पाण्यात कालवलेलंच असं बसतं, आणि ते बोटांवर असतं फक्त पूजेत.

तिनं अंजूला हाक मारून दाराशी बोलावलं. “अंजू, हे कोण पुसतं?”

“मीच, रोज सकाळी, दादा पूजेला बसायच्या आधी. काळ्यावर धूळ दिसती म्हणून वैनी वरडतात. त्या दिवशीबी पुसला. त्याच्यानंतर मला आत येऊच देईनात.”

दारात सावली पडली. संगमेश्वर होता. हातात गाडीची किल्ली, खिशात पेन.

“अक्का, मी निघतो ठाण्यात. तू बी चल, मोठी लेक म्हणून सही कर.”

“बस संगू.”

“उशीर होतो.”

“तुझ्या जागेवर बस. पूजेला बसतोस तसा.”

काय असेल ते असो, तो बसला. स्वप्नाली भाताची परात तशीच सोडून दारात आली होती, तिच्यामागं अंजू.

“त्या दिवशी तू कुठं होतास?”

“सगळ्यांना माहीत हाय. इथंच. पूजेत. इष्टलिंग तळहातावर असताना मी उठत न्हाई, बोलत न्हाई. पूजेला बसलो की फोन कपाटात. वर्षानुवर्षाचा नेम हाय.” त्याच्या आवाजात अभिमान होता. आई मेल्याच्या सकाळचासुद्धा अभिमान. “गाणं चालू व्हतं, मला काही ऐकू आलं न्हाई.”

“फोन कपाटात होता, मान्य. तू उठला नाहीस, तेही मान्य. स्वप्नाली, फोनवरून गाणं लाव, आणि मग मोटर लाव.”

दिवे पिवळे पडले, स्वप्नाली परत दारात आली. नुकतंच बोंबलायला लागलेलं भजन तुटलं. मंजुश्री झटकन शेजारच्या खोलीत गेली, अव्वा सापडली त्या जागी फरशीवर बसली, आणि आवाज न चढवता, जेमतेम ओठ हलवून म्हणाली, “नीरु कोडप्पा.”

झरोक्यातून ते शब्द देवघरात असे पडले, जणू शेजारी बसून कुणी कानात बोललं.

“हे बघा, हेच!” अंजू ओरडली. “हेच म्हणायली व्हती आज्जी!”

संगमेश्वरनं फळीकडे पाहिलं. एकदाच. पण पाहिलं, आणि स्वप्नालीनं ते बघितलं.

“काय म्हणल्या त्या?” तिनं नवऱ्याला विचारलं. “अव्वा काय म्हणत होत्या?”

मंजुश्री परत दारात आली.

“पाणी मागत होती. ‘दे रे बाबा’ म्हणाली. पुरुषाला म्हणतात तसं. स्वप्नाली, तुला किंवा अंजूला म्हणाली असती तर ‘कोडव्वा’ म्हणाली असती. भिंतीपलीकडं लेक बसलाय हे तिला ठाऊक होतं, ती त्यालाच मागत होती.” तिनं स्पीकर भावासमोर चौरंगावर ठेवला. “डाव्या तळहातावर लिंग होतं. उजवा हात मोकळा होता, ओल्या भस्माचा. तू उठला नाहीस संगू. नेम मोडला नाहीस. नुसता हात लांबवलास. मधलं बटण दाबलंस, आणि मग आवाज वाढवत राहिलास, तिचा ऐकू येईनासा होईपर्यंत. दुसऱ्या कुठल्याच खोलीतला आवाज वाढलेला नाही, फक्त तुझ्या कानाजवळचा.”

संगमेश्वरनं हातातली किल्ली जमिनीवर टाकली.

“रोज वरडायची,” तो म्हणाला. अभिमान गेला होता, आवाज लहान पोरासारखा झाला होता. “रोज, अक्का. पाणी दिलं तरी पाणी. उठवून बसवलं तरी पुन्हा हाका. तू नांदेडात. मला वाटलं, रोजच्यासारखंच हाय. एवढी पूजा उरकू दे, मग जातो.”

“पडल्याचा आवाज नाही आला?”

तो वाटीतलं भस्म चिवडायला लागला.

“संगू.”

“आला,” तो म्हणाला.

स्वप्नालीनं तोंडावर हात घेतला. “पूजा झाल्यावर तरी गेलात का?”

“गेलो व्हतो. दारातून बघितलं.” त्यानं कपाळावरचा घाम पुसला, तसा भस्माचा पट्टा कपाळभर फाकला. “हलत नव्हती. मग मी... मग अंजू खाली आलीच.”

“आणि अंजूचं नाव सांगितलंत.” स्वप्नालीनं अंजूच्या दंडाला धरून तिला पुढं ओढली, नवऱ्याच्या अगदी समोर. “हिला मी वर धाडलं. तुम्ही शेजारी आहात म्हणून धाडलं. म्हणा आता हिच्या तोंडावर, हिनं मारलं म्हणून.”

बाहेर भावकी आवरून निघाली होती. कुणीतरी मोठ्यानं म्हणत होतं, आई गेली तरी पूजा चुकवली न्हाई गड्यानं, असा लेक पाहिजे. ते आत सगळ्यांना ऐकू आलं. गाणं बंदच होतं.

मंजुश्रीनं जमिनीवर पडलेली गाडीची किल्ली उचलून भावाच्या हातात दिली. उजव्या हातात.

“ठाण्यात निघाला होतास ना? जा. मी येते सोबत.”

“तिथं काय सांगू अक्का?”

“सांग, गाणं बंद होतं.”

तो उठेना. वर टाकी भरून वाहायला लागली. पाणी गच्चीवरून ओघळून अव्वाच्या खिडकीवर पडत होतं, आवाज करत, आणि मोटर बंद करायला कुणीच जागचं हललं नाही.